नकार देणे आणि नकार ऐकणे



प्राथमिक शिक्षकाचा बहुतेक दिवस मुलांशी बोलण्यात जातो. परंतु त्याच्या शाळेचे बरेवाईट पुष्कळदा तो मोठ्या माणसांशी काय बोलला, किंवा काय बोलावयाचे राहून गेले, यावर ठरते. वर्गात ज्याचा आवाज खणखणीत असतो, तोच शिक्षक सरपंचांपुढे किंवा आपल्याच मुख्याध्यापकांपुढे मान डोलावून मोकळा होतो आणि मग मधल्या सुट्टीत सहकाऱ्याजवळ कुरकुरतो. त्या कुरकुरीने काम काही टळत नाही. ते पहिलीच्या मुलांच्या तासातून वजा होते.

याउलट काही जण स्वतःस स्पष्टवक्ते म्हणवितात. या शब्दाची मराठीत मोठी परवड झाली आहे. तापटपणास ते एक प्रतिष्ठित नाव मिळाले आहे.

खऱ्या स्पष्टोक्तीचा नमुना पाहावयाचा तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन पाहावे. राज्य परकीयांचे होते, आणि शिक्षणाचा खर्च रयतेच्या करांतून होत असता लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, हे म्हणणे त्या राज्यास रुचण्याजोगे नव्हते. तरी आपला अनुभव मुख्यतः पुणे व भोवतालची खेडी एवढ्यापुरता आहे, हे त्यांनी आरंभीच सांगितले. मग उणिवा दाखविल्या. आणि तेथे न थांबता मागणी आकड्यांत मांडली. प्राथमिक शिक्षकाचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते १५ किंवा २० असावे. त्याच निवेदनात, शिक्षकाकडे गावच्या हिशेबतपासणीचे किंवा टपालाचे काम जोडून दिल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, अशीही सूचना होती. ती वाचून आजचा शिक्षक हसेल. त्यास जोडकामे मागावी लागत नाहीत!

या जोडकामांविषयी २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम २७ स्पष्ट आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळे व संसद यांच्या निवडणुका वगळता शिक्षकास अशैक्षणिक काम देता येत नाही. वगळलेली कामे विनातक्रार करावीत. इतर कामांस नकार देताना मात्र हे कलम दगडासारखे फेकून मारू नये. समजा, द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकास ग्रामपंचायतीने तीन दिवस घरोघर याद्या करण्यास सांगितले. त्याने म्हणावे, "सरपंचसाहेब, यादी गावास हवी हे खरे. पण शाळेत आम्ही दोघेच आहोत. एक जण बाहेर पडला, तर चार वर्गांवर एकच उरतो आणि पहिलीचे वाचन बुडते. कायद्यानेही हे काम शिक्षकाकडे येत नाही. तक्ता कसा भरावा, हे पंचायतीच्या माणसास शाळा सुटल्यावर मी दाखवून देईन." आजारपणाची खोटी सबब सांगणे त्या वेळेपुरते सोपे असते, पण पुढच्या महिन्यास तेच काम पुन्हा दारी येते. लेखी आदेश आला, तर उत्तरही लेखी, मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे.

नकार देण्याहून तो ऐकणे अवघड. येथेच मुख्याध्यापकाची कसोटी लागते. ऑनलाइन माहिती भरण्याचे काम तरुण शिक्षिकेस चांगले जमते, म्हणून ते तिच्याकडे येते. ती म्हणते, "सर, माहिती मी भरते, पण पहिल्या तासाला नको. दुसरीच्या सहा मुलांना अजून जोडाक्षरे येत नाहीत, तो तास त्यांचा आहे. शेवटच्या तासाला भरली तर चालेल का?" यावर मुख्याध्यापकांनी नुसत्या भुवया चढविल्या, तरी ती गप्प बसेल. काम होईल, सहा मुले मागे राहतील, आणि पुढे तांदळात कीड दिसली किंवा वर्गातील विजेची तार उघडी पडली, तरी ती सांगण्यापूर्वी दोनदा विचार करील. लहान गोष्टीतला नकार ज्यास सोसत नाही, त्याच्यापर्यंत मोठ्या गोष्टी वेळेवर पोहोचत नाहीत. मुख्याध्यापकांनी वेळ बदलून द्यावी. ते शक्य नसेल, तर कारण सांगावे आणि त्या सहा मुलांचा तास दुसरीकडे बसवून द्यावा. एवढे केल्याने ज्येष्ठतेस उणेपणा येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीतही हेच घडते. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ माता दाराजवळ बसतात, चहा होतो, आणि इतिवृत्ताची वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकविली जाते. सभेत प्रथम त्यांस विचारावे. मुलींच्या स्वच्छतागृहास कडी नाही, हे त्यांच्यापैकीच कोणी तरी हळू आवाजात सांगेल. ते तिच्या शब्दांत, तिच्या नावासह इतिवृत्तात लिहावे, तिला वाचून दाखवावे, आणि मग सही घ्यावी.