ओसरत्या पाण्याच्या वाटेनं

सहल म्हटली की आपल्याकडे दोन हंगाम ठरलेले आहेत. एक पावसाळ्याचा. त्यात माणसं धबधबे पाहायला जातात. दुसरा थंडीचा. त्यात शाळांच्या सहली निघतात आणि एसटीच्या गाड्या भरभरून मुलं त्याच त्या चार ठिकाणी जाऊन येतात. मग फाल्गुन लागतो, परीक्षा जवळ येतात, उन्हाचे चटके बसू लागतात आणि सहलीचा विषय मिटतो. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे हे जे दिवस आहेत, त्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रात पाहण्याजोगं काय असतं, हे आज मला तुमच्यापुढं मांडायचं आहे.

वसंत म्हटल्यावर पळस, पांगारा, काटेसावर, आंब्याचा मोहोर हे सारं डोळ्यांपुढं येतं. ते आपल्या बांधावरच असतं. त्यासाठी गाडी करून कुठं जायला नको. पण वसंताचं आणखी एक काम आहे आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. या दिवसांत पाणी मागं सरतं. नदीचं पात्र उघडं पडतं, धरणाचा काठ दूर जातो, तळ्याची कड वाळते. शेतकऱ्याला ही काळजीची गोष्ट, आणि ते खरंच आहे. परंतु पावसाळ्यात पाण्यानं जे झाकून ठेवलेलं असतं, ते याच दिवसांत डोळ्यांना दिसतं. म्हणून ओसरत्या पाण्याच्या वाटेनं जायची चार ठिकाणं मी आज सांगणार आहे. ती चार दिशांना आहेत. एका दमात चारही करा असं माझं म्हणणं नाही. ज्याला जे जवळ, त्यानं ते पाहावं.

पहिलं ठिकाण निघोज. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात पारनेर तालुका आहे. त्या तालुक्यातलं हे गाव. गावाजवळून कुकडी नदी वाहते. अलीकडे निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, आणि मध्ये काळ्या कातळाचं पात्र. या कातळात रांजणासारखे गोल खळगे पडले आहेत. कुठं एकेकटे, कुठं एकमेकांत मिसळलेले. त्यांच्या कडा अशा गुळगुळीत की कुणी पाथरवटानं घासून ठेवल्या असाव्यात. गावात या जागेला ‘कुंड’ म्हणतात. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे आणि चैत्रात देवीची मोठी यात्रा भरते.

आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना तिथं नेलं, तेव्हा एकानं विचारलं, “सर, हे कोरलं कुणी?” प्रश्न चांगला होता. उत्तर असं की, नदीनं कोरलं, पण नुसत्या पाण्यानं नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला, आणि त्यातून आपलं दख्खनचं पठार तयार झालं. त्या कातळात जिथं फट असते किंवा दगड जरा मऊ असतो, तिथं लहानसा खड्डा पडतो. पुराच्या पाण्याबरोबर आलेला एखादा गोटा त्या खड्ड्यात अडकतो. पाण्याला भोवरा असतो. त्या भोवऱ्यात तो गोटा गरगर फिरतो आणि कातळ झिजवतो. गोटा झिजून संपला की दुसरा येतो. जातं फिरावं तसं हे दळण हजारो पावसाळे चाललेलं आहे. पावसाळ्यात तुम्ही तिथं गेलात तर लाल पाणी तेवढं दिसेल. खाली चाललेलं दळण दिसेल ते वसंतातच.

मात्र एक सूचना करतो. नदीला वरच्या धरणातून आवर्तन सुटलेलं आहे का, याची गावात आधी चौकशी करा. पाणी चढलं तर खळग्यांचा अंदाज येत नाही. आणि पात्र कोरडं असलं तरी मुलांना खळग्यांच्या काठाशी जाऊ देऊ नका. आत पडलेल्याला गुळगुळीत भिंतीवर हाताला धरायला काही मिळत नाही.

दुसरं ठिकाण भीमेवरचं. कुकडी पुढं घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. म्हणजे निघोजचं पाणी शेवटी उजनी धरणात येतं. हे धरण १९८० साली पुरं झालं. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे लोक म्हणतात तसं ११७ टीएमसी. यातली निम्म्याहून जास्त साठवण हा मृतसाठा धरला जातो. म्हणून वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ असं वाचलं तर धरण कोरडं पडलं असं समजू नये. त्या आकड्यांचा अर्थ वर्गात समजावून सांगण्याजोगा आहे.

या जलाशयाच्या वरच्या अंगाला, पुणे-सोलापूर रस्त्यावर, भिगवण आहे. जवळच कुंभारगाव आणि डिकसळ. पाणी उतरू लागलं की इथं चिखलाची पाणथळ तयार होते आणि तिच्यात रोहित पक्षी येतात. उंच तांबूस पाय, पांढरट अंग, आणि पंख उघडले की आत निखारा फुलल्यासारखा रंग, म्हणून त्यांना अग्निपंखही म्हणतात. रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो आणि चाळणीनं गाळावं तसा चिखल गाळून त्यातले बारीक जीव खातो. पाणी खोल असेल तर त्याला हे जमत नाही. म्हणजे ज्या ओसरण्यानं आपल्याला चिंता वाटते, त्याच ओसरण्यावर त्याचं पोट चालतं. हिवाळ्यात इथं पट्टकादंब नावाचे हंसही येतात. ते हिमालय ओलांडून येतात, आणि मार्चच्या सुमारास परत निघतात. पूर्वी नुसती मासेमारी करणारे काही तरुण आता पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात. ते पक्ष्यांना नावानिशी ओळखतात.

पण भिगवणला जाऊन पक्षी तेवढे पाहून परत फिरू नका. तिथून पुढं पळसदेव आहे. जुनं पळसदेव गाव या धरणात गेलं. आजचं गाव आहे ते रस्त्याच्या कडेला नव्यानं वसलेलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ पाण्यातच राहिलं. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की आधी त्याचं शिखर वर येतं आणि मग कधीकधी सबंध देऊळ मोकळं होतं. २०२४ साली असं झालं होतं. लोक ‘बुडालेलं देऊळ’ पाहायला गर्दी करतात आणि फोटो काढून जातात. माझी शिक्षकांना विनंती आहे की, तिथं मुलांना थोडं थांबवा. देवळाभोवती घरं होती, चावडी होती, पिकाची रानं होती. आज सोलापूरकडे उसाला जे पाणी जातं, ते या रानांवरून जातं. धरण वाईट, असा याचा अर्थ नाही. उजनीनं दुष्काळी मुलुखाला पाणी दिलं. पण कुणीतरी आपलं गाव दिलं म्हणून ते मिळालं, एवढं मुलांना कळलं पाहिजे. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं केलंत, तर त्यासारखा इतिहासाचा तास नाही.

आणि होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवंच. वारा सुटला असेल तर होडीत बसूच नये. मे २०२४ मध्ये याच जलाशयात वादळी वाऱ्यानं होडी उलटून सहा माणसं गेली. पक्षी उद्याही दिसतील.

आता भीमेचं खोरं सोडून विदर्भात जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पुष्कळांनी पुस्तकात वाचलेलं असतं. वरच्या काठाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा वाटोळा खड्डा एका उल्केच्या आघातानं पडला. पूर्वी तो ज्वालामुखीचा असावा असं काही जाणते म्हणत. पण प्रचंड आघातानंच तयार होणारी काच तिथल्या दगडात सापडली आणि १९७० नंतरच्या संशोधनानं उल्केचं मत पक्कं झालं. बेसाल्ट कातळात इतका मोठा आणि इतका शाबूत राहिलेला आघाती खड्डा पृथ्वीवर फार दुर्मिळ आहे. लोकांनी आपलं उत्तर त्याआधीच शोधलं होतं. इथं लवणासुर राहत होता, विष्णूनं त्याला मारलं, असं ते सांगतात. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच कथेचं. ‘लवण’ म्हणजे मीठ. पाणी खारं आहे, हे कथेलाही ठाऊक होतं!

ते खारं का, हे वसंतात नीट समजतं. या तळ्यात झरे येतात, पावसाचं पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याला वाट एकच, उन्हानं वाफ होऊन जाण्याची. पाणी जातं, क्षार मागं राहतात. म्हणून हे पाणी खारं आणि साबणासारखं अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते चक्क गुलाबी झालं. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं अरिष्ट. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. मिठात वाढणारे सूक्ष्म जीव वाढले होते आणि तो रंग त्यांचा होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अलीकडच्या वर्षांत मात्र उलट झालं आहे. तळ्याचं पाणी वाढलं आणि काठच्या काही देवळांना लागलं. गोडं पाणी वाढलं तर खारेपणा कमी होतो आणि खारेपणावर जगणारे जीव अडचणीत येतात. म्हणून तिथं गेलात तर तळ्यात साबण लावून अंघोळ नको, निर्माल्य नको, आणि आठवण म्हणून दगडही उचलू नका. हजार माणसांनी एकेक दगड नेला, तर पुढच्या पोरांना आपण काय दाखवणार?

शेवटचं ठिकाण समुद्राकाठी. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचं लहान गाव आहे. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा ओसरतं. त्या ओहोटीची इथं वाट पाहायची. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्याच्या रात्री वाळूवर येतात, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि समुद्रात परत जातात. पुन्हा मागं वळून पाहत नाहीत. अंडी उबवण्याचं काम उन्हानं तापलेल्या वाळूचं. पन्नास-साठ दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, पिल्लं बाहेर येतात. वाळू किती तापली यावर त्यातले नर किती आणि माद्या किती हे ठरतं. माणसाच्या तळहातावर मावेल एवढं ते पिल्लू ओल्या वाळूवरून खुरडत लाटेकडे निघतं. त्याला कुणी वाट दाखवलेली नसते.

पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. कुत्री, कोल्हीही खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत जपून पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावातल्या घरीच उतरतात, घरचं जेवतात, आणि गावाच्या हाती चार पैसे येतात. अंडी राखणं त्यामुळं गावाच्या हिताचं झालं. तुम्ही गेलात त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, आणि वाळू हललीच नाही, असंही होतं. त्यावर चिडू नका. निसर्ग आपल्या वेळापत्रकानं चालत नाही, हेही मुलांनी शिकायला हवं.

श्रोतेहो, चार ठिकाणं सांगून झाली. आता ज्यांना यांपैकी कुठंही जाणं जमणार नाही, त्यांच्याशी बोलतो. गाडीचं भाडं परवडत नाही, परवानगी मिळत नाही, परीक्षा डोक्यावर आहे, या शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण ओसरतं पाणी प्रत्येक गावात आहे. तुमच्या नदीचं पात्र आहे, ओढा आहे, पाझर तलाव आहे, गावची विहीर आहे. एका सकाळी, ऊन चढण्याआधी, मुलांना घेऊन तिथवर चाला. तीन प्रश्न विचारा. श्रावणात पाणी कुठवर होतं? आज कुठं आहे? आणि मधल्या जागेत काय उघडं पडलं आहे? एखादा जुना घाट निघेल, शिंपले निघतील, पक्ष्यांच्या पावलांचे ठसे निघतील, प्लॅस्टिकच्या पिशव्याही निघतील. जे निघेल ते वहीत लिहून घ्या. पुढच्या वसंतात तीच वही घेऊन पुन्हा जा आणि ताडून पाहा. पाच वर्षं हे केलंत, तर तुमच्या गावच्या पाण्याचा असा इतिहास तयार होईल, जो कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

प्रेक्षणीय स्थळ म्हणजे दूरचं, तिकीट काढून पाहायचं, असं खेड्यातल्या मुलाला वाटू लागलं, की त्याची आपल्या गावाकडे पाहण्याची नजर मंदावते. ती नजर जागी ठेवणं शिक्षकाच्या हातात आहे. पाणी आता मागं सरतंच आहे. चार महिन्यांनी मृगाचा पाऊस येईल आणि हे सारं पुन्हा झाकलं जाईल. त्याआधी एकदा जाऊन या.