कृष्णाकाठचा गळ

पावसाळा सरून कृष्णेचं पाणी निवळलं की माहुलीपासून औदुंबर-सांगलीपर्यंत हौशी मंडळी गळ घेऊन काठावर दिसू लागतात. आमिष साधंच: कणकेचा घट्ट गोळा नाहीतर गांडूळ. दोरीला बांधलेला भेंडाचा तुकडा नुसता थरथरला, तर बारीक मासे कणीक टोकरताहेत असं समजायचं. तो एकदम खाली गेला की झटका द्यायचा.

या नदीचा खरा मानकरी म्हणजे खडस, दख्खनचा महासीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. पावसाळ्यात अंडी घालायला तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि नेमकी तीच वाट धरणं-बंधाऱ्यांनी अडवली आहे. म्हणून खडस लागलाच, तर कृपा करून सोडून द्या. आधी हात ओले करा; कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा रोगाला बळी पडतो.

सांगलीकडे भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत. उन्हाळ्यात मादी काठावर अंडी राखत असते, तेव्हा तिथे सूर मारणं, पाण्यात पाय सोडून बसणं नकोच. मासे साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, त्या वासानं मगर जवळ येते. तुटलेली नायलॉनची दोरीही गुंडाळून घरी न्या. तिच्यात पाणकावळे आणि कासवं अडकतात.