कॉम्प्युटरवाला ठेवा, पण किल्ली आपल्या कमरेला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाची चर्चा चालू असताना आम्ही कॉम्प्युटरचा विषय काढतो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांनी उत्पादक कंपन्या काढल्या आहेत. कोणाचे कृषी सेवा केंद्र आहे, कोणाची डाळ मिल आहे. सभासदांची यादी, मालाची आवक, कोणाचे किती चुकारे बाकी, हे सगळे आता एका कॉम्प्युटरच्या पोटात आहे. आणि तो कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस आपण कसा निवडतो? तालुक्याला दुकान आहे, ओळखीचा आहे, स्वस्तात करतो. झाली निवड!

पाडव्याला सालगडी ठेवताना आपण किती बोलतो. साल किती, ज्वारी किती, कपडे किती, खाडे कसे धरायचे. सगळे चार माणसांसमोर ठरते. तिजोरीची किल्ली मात्र त्याच्या हाती देत नाही. कॉम्प्युटरवाल्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. बोलत काहीच नाही आणि किल्ली आधी देऊन टाकतो.

म्हणून त्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. असे विचारा, "उद्या आम्ही तुला सोडले, तर आमचे काय काय, किती दिवसांत परत देशील?" या प्रश्नाचे उत्तर जो सरळ देतो, त्याच्याशीच पुढचे बोला.

घरी जाऊन तपासा. कंपनीचे ई-मेल खाते कोणाच्या मोबाईल नंबरवर उघडले आहे? सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर आहे? मुख्य पासवर्ड कोणाला माहीत आहे? संचालकांच्या डिजिटल सहीचे टोकन कोठे आहे? ते टोकन आणि त्याचा पासवर्ड दोन्ही बाहेरच्या माणसाच्या टेबलाच्या खणात पडून असतील, तर काय म्हणावे? कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे आपण गावोगाव सांगत आलो. हा तोच कोरा कागद आहे. दुरुस्तीला येणाऱ्यास त्याच्या नावाचा वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा.

दुसरी गोष्ट बॅकअपची, म्हणजे हिशेबाच्या नकलेची. प्रत्येक दुकानदार सांगतो, "बॅकअप चालू आहे." बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, तरी शहाणा शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून किती उगवतात ते मोजतो. नकलेचेही तसेच करा. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून दाखवायला सांगा. मागच्या आठवड्याची आवक पावतीशी जुळली, तर नक्कल खरी. शिवाय बियाण्याची सगळी ज्वारी कोणी एकाच कणगीत ठेवत नाही. एक प्रत कचेरीत, एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवर सुरक्षित जागी, आणि एक अशी की जी कॉम्प्युटरला सतत जोडलेली नसेल. खंडणीखोर व्हायरस आला की जोडलेले सगळेच कुलूपबंद करतो.

असे आपल्या लहान कचेरीत कशाला होईल, असे म्हणू नका. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाल्याचे समोर आले आणि तिची जोडणी देशाच्या पैसे-देवघेवीच्या जाळ्यापासून तात्पुरती तोडावी लागली. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. घाव पुरवठादारावर पडला, अडला तो खातेदार. म्हणून आपला माणूस स्वतःचे घर कसे राखतो, हेही विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट कायद्याची. उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्याबद्दल लिहावे लागते. शिवाय संगणकावरच्या हिशेबाची नक्कल भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर "फुकटात टाकून देतो" म्हणणारा माणूस आपले पैसे वाचवत नाही. तो आपल्याला दंडाच्या वाटेवर नेऊन सोडतो. आणखी एक परीक्षा घ्या. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांचे काय करायचे, हे त्याने न विचारता सांगितले का?

चौथी गोष्ट वेळेची. इतर दिवसांत आणि सीझनमध्ये फरक असतो! वेचणी सुरू झाली, दारात गाड्यांची रांग लागली आणि पावती निघेना, तर तासाचा हिशेब होतो. "लगेच येतो" हा शब्द करारात चालत नाही. फोन किती तासांत उचलणार, माणूस किती तासांत पोचणार, यंत्र तोवर चालू झाले नाही तर बदली यंत्र देणार की नाही, हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. वार्षिक देखभालीच्या रकमेत सुटे भाग आणि यूपीएसची बॅटरी येते की नुसती मजुरी, तेही लिहा. तो एकटाच असेल, तर तो लग्नाला गेल्यावर कोण येणार?

दर तिघांकडून घ्या, पण स्वस्त म्हणून पहिला धरू नका. प्रत्येकाच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना भेटा. त्यांत एक असा शोधा, ज्याने त्याला सोडले आहे. सोडताना हिशेब सुखाने परत मिळाला का, एवढेच त्याला विचारा. आणि पहिला करार एका वर्षापेक्षा जास्त करू नका.

मायबहिणींनो, भावांनो, आपल्या मालाचे वजन दुसऱ्याच्या काट्यावर होते, म्हणून आपण इतकी वर्षे भांडलो. आता काटा आपला, वही आपली. ती वही उघडायला दुसऱ्याची परवानगी लागू नये. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक कंपनीने एका कागदावर लिहून आणावे: कोणती किल्ली कोणाकडे आहे आणि नक्कल शेवटची कधी उघडून पाहिली. तो कागद कोरा आला, तर पहिले काम तेच.