वाय-फाय जोडलं, पण पान उघडेना

आमच्या बचत गटाचा लॅपटॉप महिन्यातून एकदाच, बैठकीच्या दिवशी कपाटातून बाहेर येतो. मागच्या खेपेला कर्जाच्या प्रस्तावाची कागदपत्रं ऑनलाइन भरायची होती. शेवटचा दिवस, मुदत ५ वाजेपर्यंत. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर लॅपटॉपवर एकही वाय-फाय दिसेना.

बघतो तर पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचं चिन्ह. विमानात न बसताही तो मोड चालू होतो बरं का! काही लॅपटॉपवर त्याची कळ वरच्या रांगेतच असते, धूळ पुसताना फडक्याने दाबली जाते. तो बंद केला. मग शेजारच्यांचं वाय-फाय दिसलं, आमचं नाही. आमचा फोन नवा, लॅपटॉप जुना. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ कळतं. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ निवडलं, आणि जोडलं गेलं.

तरी पान उघडेना! ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असंच येत राहिलं. रेंज नाही म्हणून एक जण फोन घेऊन माळवदावर चढली. मग दुसरीने आपला फोन त्याच हॉटस्पॉटला जोडला. त्यावर तेच पान झटकन उघडलं. म्हणजे रेंज ठीक, खोट लॅपटॉपमध्ये. ही परीक्षा आम्ही आधीच करायला हवी होती.

खोट होती तारखेत. लॅपटॉप २०१५ साल दाखवत होता. प्रत्येक साइटकडे ओळखीचा डिजिटल दाखला असतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते असतं. लॅपटॉपचं साल चुकलं, की त्याला खरा दाखलाही खोटा वाटतो आणि तो दार उघडत नाही. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, बँकेच्या पानावर तर नाहीच. सेटिंगमध्ये जाऊन तारीख, वेळ नीट करा. आम्ही तेच केलं आणि पान उघडलं.

तारीख मागे का गेली? बऱ्याच लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी बटणाएवढा वेगळा सेल असतो. तो संपला आणि मोठी बॅटरीही पडून पडून उतरली, की घड्याळ मागे जातं.

आमच्या पावतीवर वेळ आली ४ वाजून ४२ मिनिटं. सेल बदलायचा अजून राहिलाय. तोवर बैठकीत हजेरी घेण्याआधी आम्ही लॅपटॉपची तारीख बघतो.