माळरानावरचीं चित्रदालनें



चित्रसंग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मुंबई उभी राहते. जेथें पाऊस रुसतो तेथें चित्रें कशाला, हा प्रश्न आमच्या केडगांवच्या कोरडवाहू परिसरांत हमखास ऐकूं येतो. ‘आधीं पोटोबा, मग विठोबा’ ही म्हणही त्यास जोडून दिली जाते. आज दोन गांवांच्या आधारें ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिलें गांव फार दूरचें. ऑस्ट्रेलियांतील ब्रोकन हिल हें चांदी, शिसें व जस्त ह्यांच्या खाणींचें गांव. सिडनीपासून हजार किलोमीटरांहून अधिक आंत, रुक्ष माळावर वसलेलें. तेथें १९०४ सालीं सार्वजनिक चित्रदालन स्थापन झालें. पुढें तेथील खाणींत राबलेला प्रो हार्ट (१९२८–२००६) नामांकित चित्रकार झाला. १९७३ मध्यें त्यानें व आणखी चार स्थानिक चित्रकारांनीं मंडळ काढलें आणि प्रदर्शनें भरवून धर्मादाय कार्यांस पैसा मिळवून दिला. विठोबानें पोटोबाची चिंता वाहिली, ती अशी.

दुसरें गांव आपलेंच. सातारा जिल्ह्यांतील खटाव हा दुष्काळी तालुका. त्यांतील औंध येथें ७२ गांवांच्या संस्थानाचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांनीं १९३८ मध्यें यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलें. राजे स्वतः चित्रकार होते. रविवर्म्याचीं तैलचित्रें, चंदनावरील व हस्तिदंतावरील कोरीव काम, पाश्चात्य कलाकृतींच्या प्रतिकृति, इतकेंच नव्हे तर हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचें ‘माता व बालक’ हें दगडी शिल्पही तेथें आहे. देवीच्या दर्शनास निघालेल्या शेतकऱ्यास हें सारें वाटेवरच पाहावयास मिळतें. ह्याच राजांनीं १९३९ मध्यें प्रजेस स्वराज्याची घटना दिली. तेव्हां चित्रांच्या नादांत त्यांस प्रजेचा विसर पडला, असें कोण म्हणेल? संस्थान विलीन झालें. संग्रह मात्र राहिला. आज तो राज्य शासनाच्या ताब्यांत आहे.

चित्रांनीं पाऊस पडत नाहीं, हें खरें. परंतु बाराही महिने करपलेला माळ पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीसही खाद्य लागतें, आणि शहरांतल्या मुलापेक्षां त्यास तें अधिक लागतें.

म्हणून शिक्षकबंधूंस व भगिनींस माझी विनंती आहे. शाळेची सहल एकदां औंधास न्या. तें न जमल्यास आपल्या अहिल्यानगरांतील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय तरी दाखवा. मात्र मुलांस रांगेनें पळवूं नका. तीनच वस्तु निवडा. प्रत्येकीपुढें पांच मिनिटें स्तब्ध उभें करा. प्रकाश कोठून आला आहे, हात काय सांगतो आहे, असें विचारा; उत्तर मात्र आपण देऊं नका. परतल्यावर त्यांच्या हातीं कागद देऊन आपापल्या घरचें खळें, विहीर वा बैल काढावयास सांगा. रेघ वांकडी आली तरी चालेल; स्वतःचा गांव तीं प्रथमच नीट पाहतील.

पाहणारे येईनासे झाले कीं दालनाची अडगळ होते. तसें होऊं न देणें आपल्या पायांच्या स्वाधीन आहे.