जमनालालजींचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यापारी घराणे आणि समाजसेवा असा विषय कार्यकारिणीने मला दिला आहे. खामगावात उभे राहून या विषयावर बोलणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगेची माहिती सांगण्यासारखे आहे. १८७० साली जलंबहून आगगाडीचा फाटा येथवर आला तो कापसासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आपल्यापैकी कितीतरी जणींचे माहेर नाही तर सासर जिनिंगच्या, अडतीच्या किंवा चांदीच्या धंद्यातले. तरीपण येथल्या कोणाचे नाव मी आज घेणार नाही. ज्यांचे घ्यावे त्यांना संकोच वाटेल आणि ज्यांचे राहील त्यांना राग येईल. मी बोलणार आहे वर्ध्याच्या शेठ जमनालाल बजाजांविषयी.

ते काही अगदी परके नव्हेत. वर्ध्याजवळ शेगाव नावाचे एक खेडे होते. आपल्या वऱ्हाडात रयतवारी, पण तिकडे मालगुजारीची पद्धत, आणि त्या गावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींचा होता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे राहायला गेले. मग व्हायचे ते झाले. देशभरातून त्यांना येणारी पत्रे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, रेल्वेच्या मोठ्या शेगावला येऊन पडू लागली. अखेर १९४० साली त्या खेड्याचे नाव बदलून सेवाग्राम ठेवले. सारे जग ज्या नावाने ते गाव ओळखते, ते नाव पडायला आपले शेगाव कारण झाले, एवढा मान आपण घ्यायला हरकत नाही.

जमनालालजी जन्माने वर्ध्याचे नव्हते, श्रीमंतही नव्हते. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, कनीराम आणि बिरदीबाई या साध्या शेतकरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सद्दीबाई यांचा कर्ता मुलगा वारला होता. त्यांच्या नजरेत हा मुलगा भरला. चार-पाच वर्षांच्या त्या पोराला त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतले. कनीरामांनी मुलाच्या बदल्यात पैसा घेतला नाही. गावाला पाण्याचा त्रास होता, म्हणून गावासाठी विहीर बांधून मागितली, आणि बच्छराजांनी ती बांधून दिली. बिरदीबाईंच्या मनाचे काय झाले असेल ते आपल्याला सांगायला नको. गावाची तहान भागली ती एका आईने मूल दिले म्हणून, हे चरित्रकार एका वाक्यात सांगून पुढे जातात. मला तेथे थोडे थांबावेसे वाटते.

शाळा जेमतेम चार वर्षांची. इंग्रजी फारसे कधी आलेच नाही. तेराव्या वर्षाच्या आत लग्न झाले. सतरा-अठरा वर्षांचा असताना कोणाच्या तरी लग्नाला जायचे होते. आजोबांनी अंगावर दागिने घालायला सांगितले, याने नाही म्हटले. वृद्ध बच्छराज तापट. माझ्या पैशावर जगतोस आणि माझे ऐकत नाहीस, अशा अर्थाचे ते बोलले. पोराने स्टँपाचा कागद मागवला, तुमच्या संपत्तीवर माझा काडीचा हक्क नाही असे त्यावर लिहून दिले आणि घर सोडले. हे १९०७ चे साल. आजोबांनी समजूत घालून त्याला परत आणले आणि थोड्याच दिवसांत ते वारले. इस्टेट जमनालालजींकडेच आली, पण एकदा लिहून दिलेला कागद त्यांनी जन्मभर खरा मानला. वारशाचा पैसा आपला नव्हे, तो आपल्याजवळ ठेवलेला आहे, असे धरून त्या रकमेचा व्याजासकट हिशेब मांडला आणि ती लोकांच्या कामी लावली. गांधीजींनी विश्वस्त हा शब्द पुढे आणला खरा, पण तो शब्द कानी पडण्याच्या आधीच या मुलाने त्याचा अर्थ स्टँपावर लिहून टाकला होता.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. टिळकांचा 'केसरी' नागपूरहून हिंदीत काढण्याचे घाटत होते. जमनालालजींना रोज हातखर्चाला एक रुपया मिळे, त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी पाठवले. पुढे लाखांच्या देणग्या दिल्या, पण त्या शंभरांचा आनंद वेगळाच होता, असे ते म्हणत. असहकारात सरकारने दिलेली रायबहादुरी परत केली. वकिली सोडून देणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदार म्हणून वर्षानुवर्षे हिशेब सांभाळले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. दंडासाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, तर लिलावात बोली लावायला नागपुरात कोणी माणूस मिळेना!

धंदा त्यांनी सोडला नाही, हे लक्षात घ्या. साखर कारखाना काढला, लोखंडाच्या धंद्यात भांडवल घातले. आज घरोघरी जे नाव दुचाकीवर दिसते ते त्यांच्याच घराण्याचे. मात्र धंद्याच्या रीतीत त्यांनी हात घातला. रुईवर पाणी मारून गाठीचे वजन वाढवणे हा त्या काळी बाजाराचा शिरस्ता होता. (आपल्या बाजारात असे कधी झाले असेल असे मी म्हणत नाही. मंडळी हसताहेत ती का, ते मला ठाऊक नाही.) जमनालालजींनी आपल्या दुकानांत ते बंद करवले. मुनीम म्हणाले, बुडू. पण बच्छराज छापाच्या गाठीला लोक भाव जास्त देऊ लागले. विश्वस्त म्हणवून घेणे श्रीमंताला सोयीचे असते, मालकी हातची जात नाही आणि पुण्यही लागते, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. तो पोकळ आहे असे मला वाटत नाही. परंतु ज्याने हा शब्द वापरला त्याने आधी स्वतःच्या तराजूपाशी काय केले ते पाहावे, आणि मग बोलावे.

आता घराच्या आत जाऊ. जमनालालजींचे सांगताना लोक ओसरीवर थांबतात. जानकीदेवी जावऱ्याच्या श्रीमंत घरातल्या, १८९३ सालच्या. आठ-नऊ वर्षांच्या असताना वर्ध्याला सून म्हणून आल्या. मारवाडी घराण्यातला कडक पडदा, अंगभर सोने. पतीने आजोबांचा पैसा सोडला तो मुळात मिळवलेला नव्हता. पण बाईच्या अंगावरचे सोने ही तिचीच वस्तू, स्त्रीधन. घरात दुसरे काही तिच्या नावावर नसते. जानकीदेवींनी ते सोने उतरवले. पुन्हा जन्मभर घातले नाही. पडदा सोडला, विलायती कापडाची होळी केली, जाडीभरडी खादी नेसल्या, आणि मग गावोगावच्या मारवाडी भगिनींना पडदा सोडा म्हणून सांगत फिरल्या. स्टँपाचा कागद एका दिवसात लिहून होतो. भरल्या घरात, जाऊबाया आणि नातलगांच्या डोळ्यांसमोर मोकळ्या गळ्याने वावरणे रोज उठून करावे लागते.

शिवाय पाहुणे. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, त्याला जमनालालजींनी वर्ध्याची आपली बाग दिली, तीच मगनवाडी. त्याआधी १९२१ साली विनोबांना त्यांनीच वर्ध्याला आणले होते. पुढे पवनारचा धाम नदीवरचा बंगला विनोबांना दिला. सबंध देशाचे पुढारी बजाजवाडीत उतरत. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठकींचे ठराव इतिहासात छापून आले आहेत. त्या दिवशी चुलीवर काय होते, किती पाने झाली आणि मागून कोण जेवले, हे छापलेले मला कोठे दिसले नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा माणूस निवडला ती गोष्ट. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर शेठ बच्छराजांनी बांधलेले, म्हणजे घरचेच देऊळ. जमनालालजींच्या मनात ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडायचे होते. पण ते एकटे मालक नव्हते, इतर विश्वस्त होते. त्यांनी घाई केली नाही, पण सोडूनही दिले नाही. विश्वस्तांचे मन वळवून रीतसर ठराव करून घेतला आणि जुलै १९२८ मध्ये मंदिराचे दार सर्वांना उघडले. देशात असे उघडलेले हे पहिल्यातले मंदिर. शेतांतल्या आणि बागांतल्या आपल्या विहिरीही उघडल्या. जातभाईंचा रोष आला, तो सोसला. भगिनींनो, लाख रुपये दिल्याबद्दल त्यांच्यावर कोणी रागावले नव्हते. लोक रागावले ते दार उघडले तेव्हा.

आपल्या मंडळाने शिवणवर्ग काढला, वाचनालय चालवले, पुराच्या वेळी कपडे गोळा केले. देणाऱ्या हातांची आपल्याला वाण नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींना बरोबरीने बोलवावे हा ठराव यंदा तिसऱ्यांदा पुढे ढकलला गेला. मी गेली अकरा वर्षे त्या दिवशी मागच्या खोलीत दूध आटवते आणि तिळगुळाच्या पुड्या मोजते. कोणी मला अपमानाचा शब्द बोललेले नाही. उलट, काकू तुमच्यावाचून आमचे पान हलत नाही, असेच सगळ्या म्हणतात. म्हणूनच हे बोलणे मला जड जाते आहे.

जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वारले, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. शेवटचे महिने गोपुरीला झोपडीत राहून गोसेवेचे काम करीत होते. गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत ते स्वतःच्या उणिवा मोजताना दिसतात. गांधीजींनी पाचवा पुत्र मानले, तरी त्या नात्याला आपण पुरे पडत नाही ही टोचणी त्यांना होती. लोक ज्याला दानवीर म्हणत, तो आतून समाधानी नव्हता.

जानकीदेवी तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या. त्या मागच्या खोलीत बसल्या नाहीत. गोसेवा संघाचे काम त्यांनी अंगावर घेतले. विनोबांची भूदान यात्रा निघाली तेव्हा नुसती जमीन देऊन भागत नाही, पाणी हवे, म्हणून त्या कूपदान मागत हिंडल्या. आज या गावाला विहीर द्या, उद्या त्या गावाला. काशी का बासची ती पहिली विहीर मला तेव्हा आठवते. १९५६ साली राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण दिले, आणि 'मेरी जीवन यात्रा' हे त्यांचे पुस्तकही निघाले. १९७९ पर्यंत, म्हणजे वैधव्याची सदतीस वर्षे, त्या कामात होत्या. स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्यांना त्यांच्या स्मरणार्थ १९८० पासून जमनालाल बजाज फाउंडेशन पुरस्कार देते.

फेब्रुवारीत मंडळाची सहल वर्ध्याला न्यावी असे मी सुचवते. जलंबहून गाडी सोयीची आहे. लक्ष्मीनारायण मंदिर, मगनवाडीचे संग्रहालय, गोपुरी आणि सेवाग्राम दोन दिवसांत पाहून होते, आणि पवनारला विनोबांनी १९५९ साली स्त्रियांसाठी काढलेले ब्रह्मविद्या मंदिरही आहे. यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. हळदीकुंकवाचा ठराव आजच्या विषयपत्रिकेत सातवा आहे. चहा त्यानंतर ठेवला आहे.