आधीं तपास, मग वापर

संगणकाच्या स्मृतींतील एखाद्या जागेचा पत्ता बाळगणारें चल म्हणजे पॉइंटर. हा पत्ता कधीं कधीं शून्य असतो. म्हणून आधीं तो तपासावा, मगच वापरावा.

२००९ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतील 'टन' नांवाच्या ड्रायव्हरमध्यें हा क्रम उलटा असल्याचें आढळलें. लिखाणाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनें तर्क केला: ज्या अर्थीं पत्ता वापरला आहे, त्या अर्थीं तो शून्य नाहींच! त्यानें पुढची तपासणी निरुपयोगी समजून गाळली. मग शून्य पत्त्यावर स्वतःचा मजकूर ठेवून सामान्य वापरकर्ता साऱ्या यंत्राचा ताबा घेऊं शके.

प्रोग्राम न चालवितां केवळ त्याचें लिखाण तपासणारीं साधनें अशा जागीं इशारा देतात. तपासणी काढून टाकली तरी तो मिटतो, आणि वापराच्या आधीं नेली तरीहि मिटतो. पत्ता शून्य असणें अशक्यच असेल, तर तपासणी व्यर्थ. शक्य असेल, तर तीच रक्षणकर्ती. 'टन'मध्यें पत्त्याचा वापर तपासणीनंतर नेऊन दोष दूर करण्यांत आला. तात्पर्य, इशारा हा निकाल नव्हे, प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधल्यावांचून त्याला गप्प करूं नये.